पाटीवरची नोरा

रविवारी आवाज करायचा नाही, हा जर्मनीतला पहिला नियम मी इथं आल्या आठवड्यातच शिकले होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत. माझ्या नवऱ्यानं, मंगेशनं, एकदा रविवारी मिक्सरमध्ये चटणी वाटली, तर खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले होते. आणि आमच्या डोक्यावर मात्र दर रविवारी सकाळी कोणीतरी मुसळानं कांडल्यासारखं धपधप करत असे, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. हा पक्षपात मला सहन होईना. २०१३ सालच्या मार्चमध्ये, पोटात बाळ आणि डोक्यात राग घेऊन, मी डार्मश्टाटच्या त्या इमारतीचा जिना चढून वर गेले.

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात साठीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत अशी एक बाई कमरेएवढ्या लाकडी पिंपासमोर उभी होती. पिंपाच्या झाकणातून एक दांडा वर आला होता आणि ती तो दोन्ही हातांनी खालीवर करत होती. मी पाठ करून आणलेलं तक्रारीचं जर्मन वाक्य सुरू करणार, तेवढ्यात तिनं तो दांडा सरळ माझ्या हातात दिला.

"आधी हात लाव, मग भांड," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे घुसळण चालू असताना घरात पाऊल टाकणाऱ्यानं हात लावायचाच. पाद्री असो नाहीतर पोस्टमन. न लावता गेला, तर घरातलं लोणी तो आपल्याबरोबर घेऊन गेला असं आम्ही समजतो."

मी साताऱ्याची. ताक घुसळलेल्या भांड्याचा वास मला डोळे मिटूनही ओळखता येतो. दोन-चार वेळा दांडा खालीवर केला आणि झाकणाखालून तो वास आला, तशी माझी तक्रार कुठल्या कुठे गेली. लोणी येईपर्यंत मी तिथंच होते. जाताना तिनं माझ्या हातावर लिंबाएवढा गोळा ठेवला आणि विचारलं, "काय भांडायचं होतं?" मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "मला बघ, सगळं आठवतं. तोच माझा आजार आहे."

हीच नोरा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून ती तरुणपणी जर्मनीत आली, इथल्या माणसाशी लग्न केलं आणि इथलीच झाली. जर्मन ती घडाघडा बोलायची, पण चिडली की इंग्रजीत यायची आणि फारच चिडली की गप्प व्हायची. गप्प झालेल्या नोराला सगळे घाबरत. दर शनिवारी सकाळी बाजारात तिचा एक लहानसा ठेला असे. त्यावर ती ताकात सोडा घालून केलेला, वर सुरीनं फुली मारलेला ब्रेड विकायची. शिवाय ऋतूप्रमाणे एखादा पदार्थ असायचा. वसंतात रानलसणीचं सार, उन्हाळ्यात नव्या बटाट्यांच्या किसाची घावनं, हिवाळ्यात केल नावाची कोबीसारखी पालेभाजी आणि पातीचा कांदा घालून घोटलेला बटाटा, त्याच्या मधोमध खळगा करून त्यात वितळत ठेवलेलं लोणी. मटणाचा रस्सा बारा महिने.

ठेल्यावर एक लाकडी पाटी टांगलेली होती. चांगली रंधा मारून, पॉलिश करून घेतलेली. तिच्यावर एक अक्षरही नव्हतं.

तिचा सामान घ्यायचा नियम साधा होता. सायकलनं जाऊन दुपारच्या जेवणाआधी परत येता येईल एवढ्याच अंतरावरचं घ्यायचं. बटाटे एका शेतकऱ्याकडचे, मटण ओडेनवाल्डच्या डोंगरांच्या पायथ्याच्या एका धनगराकडचं, साय फ्राऊ रोटकडची. फ्राऊ रोट म्हणजे गावाबाहेर गाई पाळणारी, दंडावर बाह्या दुमडलेली बाई. बाजारात तिचाही दुधाचा ठेला नोराच्या शेजारीच होता. एकदा एका गिऱ्हाइकानं नोराला विचारलं, हे सगळं आयर्लंडहून मागवता का. तिनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो दोन ब्रेड जास्त घेऊन गेला. मग मला म्हणाली, "माझी आई समुद्रापलीकडून काही मागवत नव्हती. जे कुंपणाशी उगवलं ते ती शिजवायची. आयरिश हात माझा आहे, माती कुठलीही चालते."

रिकाम्या पाटीची गोष्ट तिनं मला बटाटे सोलता सोलता सांगितली. सांगताना तिच्या आवाजात रडू नव्हतं, हे मला फार आवडलं.

तिच्या नवऱ्याचं नाव हॉर्स्ट. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची वडिलोपार्जित खानावळ होती, इथल्या भाषेत गास्टहाउस. लग्न झालं तेव्हा तिथं बिअर आणि उकडलेले सॉसेज एवढंच मिळायचं. नोरानं ते स्वयंपाकघर हातात घेतलं आणि काही वर्षांत तिच्या रश्श्यासाठी लोक फ्रँकफर्टहून यायला लागले. हॉर्स्टनं मोठ्या कौतुकानं बाहेर पाटी लावली. 'नोरास क्युशे', नोराचं स्वयंपाकघर. पुढं दोघांचं बिनसलं. कशावरून, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं तो माझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करायचा ती खिशात हात घालून. एकदाही त्यानं दांड्याला हात लावला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." घटस्फोट झाला. खानावळ त्याच्या बापाची, ती त्याच्याकडे राहिली, हे तिलाही मान्य होतं. पण हॉर्स्टनं ते नावही कायदेशीर आपल्या मालकीचं करून घेतलं होतं. तिनं बाजारात ठेला टाकून त्यावर 'नोरा' लिहिलं, तर आठवड्याच्या आत त्याच्या वकिलाची नोटीस. या शहरात खाण्याच्या धंद्यात 'नोरा' हे नाव फक्त हॉर्स्ट वापरू शकतो, नोरा नाही.

"मग मी पाटी रंधून काढली," ती म्हणाली. "पण उतरवली नाही. लोक विचारतात पाटी कोरी का. मी म्हणते, जाऊन हॉर्स्टला विचारा."

इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर आमचं इतकं का जमलं ते कळायचं नाही. आमच्या घराण्यात अबोला धरायची मोठी कीर्ती आहे. माझी थोरली आत्या एका हळदीकुंकवात मागच्या रांगेत बसवलं म्हणून शेजारणीशी मरेपर्यंत बोलली नाही, आणि शेजारीण गेली तेव्हा तेराव्याला जाऊन जेवून आली, तेही न बोलता. मला लहानपणापासून सगळे सांगत आले की मनात धरून ठेवू नये, त्यानं आपल्यालाच त्रास होतो. मला तर कधी झाला नाही. उलट मोठ्या मनानं सगळं विसरणारी माणसं मला जरा संशयास्पदच वाटतात. नोरा भेटली आणि मला पहिल्यांदा माझ्या जातीचं माणूस भेटलं. तिचा सूड माझ्या आत्यासारखा बसून राहणारा नव्हता, तो सकाळी पाचला उठून कणीक भिजवायचा. "राग मंद आचेवर ठेवावा लागतो," ती म्हणायची. "करपवलास तर तुलाच खरवडत बसावं लागतं."

मे महिन्यात एकदा तिनं मला आणि मंगेशला गळ घातली, हॉर्स्टकडे जेवून या. तिला तिथं जाता येत नव्हतं आणि ओळखीचे जर्मन लोक खरं सांगत नव्हते. मंगेश आढेवेढे घेत होता. तो गाड्यांच्या गिअरबॉक्सचा इंजिनियर, दुसऱ्यांच्या भांडणात पडायचं नाही हा त्याचा बाणा. मी त्याला म्हटलं, तू फक्त जेव, बाकी मी बघते.

खानावळ मोठी देखणी होती. भिंतीवर नोराचा तरुणपणीचा फोटो, एप्रनमध्ये, हसतानाचा. त्याखाली आम्ही बसलो. रस्सा आला तो पाकिटातल्या सूपसारखा, सगळीकडे सारखाच तपकिरी. मटणाचे तुकडे मापानं कापल्यासारखे. ब्रेड गोड होता आणि हातात घेतला की स्पंजासारखा दबायचा. बटाट्याच्या घोटलेल्या गोळ्यावर वरून एक पिवळं तेलकट काहीतरी ओतलं होतं. मी सगळं नीट लक्षात ठेवत होते. तेवढ्यात हॉर्स्ट स्वतः टेबलाशी आला. गोरापान, पोट सुटलेला, हसरा माणूस, दोन्ही हात खिशात. जेवण कसं आहे म्हणाला. मी मुद्दाम विचारलं, "या नोरा कोण? त्यांना भेटता येईल का?"

"नोरा आत आहे," तो म्हणाला. "आज जरा कामात आहे. तुमच्या शुभेच्छा कळवतो तिला."

बिल देऊन आम्ही बाहेर आलो. मंगेश एरवी कोणाला वाईट म्हणत नाही, पण ट्राममध्ये बसल्यावर म्हणाला, "हरामखोर आहे." 

नोरा वाटच बघत होती. मी रश्श्यापासून सुरुवात केली. ती खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून, एखादं गाणं ऐकावं तशी ऐकत होती. ब्रेडचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. पिवळ्या तेलाचं सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. मग मी ते 'नोरा आत आहे' सांगितलं.

तिनं डोळे उघडले आणि ती गप्प झाली. कितीतरी वेळानं म्हणाली, "त्यानं फोटो लावला ते मी समजू शकते. वाईट स्वयंपाक करतो, तो तर त्याला येतच नाही. पण ती घाण मी करते असं तो लोकांना सांगतो. म्हणजे मी रोज तिथं जाते, रोज वाईट स्वयंपाक करते, आणि मला पत्ताच नाही." त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिला पैसे नको होते, खानावळ नको होती. तिला तिचं नाव त्या दारावरून उतरवून हवं होतं.

जुलैत मला मुलगी झाली आणि माझ्या सासूबाई साताऱ्याहून बाळंतपणाला आल्या. येताना सामानात डिंक, खारीक, हळीव, आणि पेपरात गुंडाळलेली लाकडी रवी. बाळंतिणीच्या लाडवांना घरच्या लोण्याचं तूप हवं, दुकानातलं चालणार नाही, असा त्यांचा हट्ट. मंगेश इथल्या सगळ्या नवशिक्यांप्रमाणे खोक्यातलं टिकाऊ दूध आणायचा, हा-मिल्श. फ्रीजबाहेर ते महिनोन्महिने टिकतं, बारा खोकी एकदम आणून तळघरात ठेवली की झालं. सासूबाईंनी ते तापवलं. साय आली ती नावापुरती. तरी त्यांनी नेटानं ती साठवली, शिवाय पातेलंभर दुधाला विरजण लावलं आणि एका सकाळी रवी घेऊन बसल्या. दुपार झाली तरी लोणी येईना.

"अनघा, अगं हे दूध आहे की चुना कालवलेलं पाणी?" त्या म्हणाल्या. "का कोणाची दृष्ट लागली म्हणायची? मी जन्मात असं पाहिलं नाही."

"अगं आई, इथलं दूध तसंच असतं," मंगेश म्हणाला.

"तसंच असतं म्हणजे? गाय तीच ना?"

रवीचा आवाज ऐकून नोरा खाली आली. तिनं पातेल्यात बघितलं, मग ओट्यावरचं खोकं उचलून बघितलं आणि हसत हसत खाली बसली. तिनं मला समजावलं, मी सासूबाईंना. या दुधात स्निग्धाचे कण कारखान्यात दाबून इतके बारीक केलेले असतात की ते पुन्हा एकमेकांना धरत नाहीत. ते घुसळून मेलात तरी लोणी येणार नाही. सासूबाईंना पटलं असावं, कारण त्यांनी ते सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि म्हणाल्या, "मग ह्याला दूध कशाला म्हणतात मेले?" त्याच संध्याकाळी नोरानं फ्राऊ रोटकडचं दूध आणून दिलं आणि दोघीजणी, एकीला दुसरीची भाषा येत नसताना, तूप कढवत बसल्या. नोराला बेरीचा वास फार आवडला. ती सासूबाईंना 'मामा' म्हणायला लागली आणि सासूबाई तिला 'नोराबाई'.

हॉर्स्टची हकीकत मी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आणि तिनं अजून त्याचं काहीच केलं नाही?" मी म्हटलं, काय करणार? त्या म्हणाल्या, "नाव घेतलं म्हणजे सगळंच घेतलं की गं. भांडी घेतली असती तर दुसरी आणता आली असती." हे मी नोराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंसाठी एक आख्खा ब्रेड खाली आला.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी नोरानं ते लाकडी पिंप बाजारात आणलं. सुगीचा बाजार होता, गर्दी दाट होती, आणि लोकांसमोर लोणी काढलं की ब्रेड जास्त खपतो, असं तिनं मला सांगितलं. मी मुलीला गाडीत घालून, सासूबाईंना बरोबर घेऊन गेले होते. घुसळण रंगात आली असताना गर्दीतून हॉर्स्ट आला. तो घाऊक बाजारातून परतत होता, त्याची व्हॅन कोपऱ्यावर उभी होती. हात खिशात.

"गुटन मॉर्गन, नोरा," तो म्हणाला. "ही कोरी पाटी आता पुरे झाली. माझी गिऱ्हाइकं मला प्रश्न विचारतात. मी एक सुचवतो. रविवारी दुपारी तू एप्रन घालून तासभर खानावळीत उभी राहा. शिजवू नकोस काही, नुसती उभी राहा. मी तुला इथं तुझं नाव लिहायची परवानगी देतो. वकील कागद करून देईल."

स्वतःचं नाव लिहायची परवानगी.  सासूबाईंनी माझा दंड दाबून विचारलं, "हाच का तो?" मी मान हलवली.

नोरानं दांडा थांबवला. मला वाटलं, आता ती त्याला तोच हाणणार, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायचं होतं. ती शांतपणे म्हणाली, "घुसळण चालू असताना आलास. माझ्याकडचा नियम तुला माहीत आहे. आज हात लाव, मग बोलू."

"लावतो की," तो लोकांकडे बघत हसून म्हणाला. चार लोक थांबले होते, आणखी थांबत होते.

"पण माझ्या दुधाला नाही. मी तुझ्या स्वयंपाकघरात आहे असं तू सांगतोस ना? मग तुझ्या स्वयंपाकघरातलं दूध आण. त्यातून लोणी आलं, तर रविवारीच काय, दर रविवारी येऊन उभी राहीन. नाही आलं, तर माझं नाव दारावरून आणि कागदावरून, दोन्हीकडून काढायचं."

"मिल्श इस्ट मिल्श," हॉर्स्ट म्हणाला. दूध ते दूध. "व्हॅनमध्येच आहे."

"हात दे," नोरा म्हणाली. इथं चार लोकांसमोर हातात हात देऊन केलेला सौदा खेड्यापाड्यात अजून कागदाइतका पक्का मानतात, आणि बाजार भरवणारे सगळे खेड्यातलेच. हॉर्स्टनं खिशातून हात काढून तिच्या हातात दिला. फ्राऊ रोट दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होती.

नोरानं आपलं लोणी काढून घेतलं, पिंप धुतलं. हॉर्स्टनं व्हॅनमधून खोक्यांचा गठ्ठा आणला. ती खोकी दिसताच सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. फ्राऊ रोटनं खोकं बघितलं, नोराकडे बघितलं आणि जाऊन आपल्या गिऱ्हाइकाला दूध मोजून द्यायला लागली. धनगर, चीजवाली, ज्यांचा ज्यांचा दुधाशी संबंध होता त्या सगळ्यांना पहिल्याच खोक्याला कळलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

हॉर्स्टनं कोट काढला आणि घुसळायला लागला. सुरुवातीला तो गिऱ्हाइकांशी विनोद करत होता. मग विनोद थांबले. मग त्यानं टाय सैल केला. नोरा त्याच्याकडे न बघता ब्रेड विकत होती, कापून देत होती, सुट्टे परत करत होती. अधूनमधून म्हणायची, "थांबू नकोस, हॉर्स्ट, थांबलं की मोडतं." त्याचा शर्ट पाठीला चिकटला. लोक ब्रेड खात उभे होते आणि त्याच्याकडे बघत होते. त्याच्या खानावळीत जेवणारे काही चेहरेही त्यात असावेत, कारण तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. माझी मुलगी रडायला लागली तरी मी तिला घेऊन बाजूला गेले नाही. मला त्यातला एक क्षणही चुकवायचा नव्हता.

शेवटी त्यानं दांडा सोडला. नोरा आली, तिनं झाकण उचललं आणि पिंप जरा कलतं करून सगळ्यांना दाखवलं. आत फेसाळलेलं पांढरं पाणी होतं.

"हॉर्स्ट," ती म्हणाली, "त्या स्वयंपाकघरात मी नाही."

तो लाल झाला. ही फसवणूक आहे म्हणाला, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं म्हणाला. फ्राऊ रोट म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, आम्हाला माहीत होतं. खानावळीच्या मालकाला माहीत नव्हतं." लोक हसले तसा तो कोट उचलून निघून गेला.

पाटी काही लगेच उतरली नाही. तो मुद्दाम चालढकल करत होता. पण ती हकीकत शहरभर झाली होती, आणि लोक खानावळीत जाऊन, मेन्यू हातात घेऊन, अगदी सरळ चेहऱ्यानं विचारायचे, "नोरा आत आहे का?" हे विचारायला मी स्वतः दोनदा गेले, एकदा मंगेशला घेऊन आणि एकदा सासूबाईंना घेऊन. सासूबाईंनी तेवढ्यासाठी तीन जर्मन शब्द पाठ केले होते. नाताळच्या आधी वकिलाकडचा कागद आला, नावावरचा हक्क सोडल्याचा, आणि नोरा माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "चल, बघायला."

आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. एक माणूस शिडीवर चढून पाटीचे स्क्रू काढत होता. थंडी मरणाची होती. नोरानं खिशातून सफरचंद काढलं आणि पाटी खाली येईपर्यंत सावकाश खाल्लं. मी विचारलं, "आता सोडून देणार का त्याला?"

"कशाला?" ती म्हणाली. "पाटी उतरली. माणूस तोच आहे."

ठेल्यावरच्या रिकाम्या पाटीवर तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली. पुढची काही वर्षं तिच्या ब्रेडसाठी लोक थंडीत रांगेत उभे राहायचे. माझी मुलगी तिच्या ओट्याशी चालायला शिकली. तिच्याशी मी मराठीत बोलायची, नोरा इंग्रजीत, आणि ती दोघींना जर्मनमध्ये उत्तर द्यायची. नोराचा हॉर्स्टवरचा राग तिळभर कमी झाला नाही आणि तिची तब्येतही त्यानं बिघडली नाही. बिघडली ती २०१८ च्या हिवाळ्यात, फुप्फुसानं. हॉस्पिटलात पाद्री येऊन गेल्यावर तिनं मला सांगितलं, "क्षमा कर म्हणत होते. मी म्हटलं, देवानं करावी, त्याला भरपूर वेळ आहे. मला इथून सुटून ब्रेड लावायचाय." ती सुटली नाही. फेब्रुवारीत गेली.

दफन जंगलातल्या स्मशानात झालं. फ्राऊ रोट होती, सगळा बाजार होता, साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर रडून घेतलं होतं. हॉर्स्टही आला होता, काळ्या कोटात, आणि सगळ्यांत मोठं पुष्पचक्र त्याचं होतं. इथं चक्राला दोन रुंद फिती लावतात. एका फितीवर देणाऱ्याचं नाव असतं, दुसरीवर गेलेल्याला उद्देशून काहीतरी लिहिलेलं असतं. एका फितीवर हॉर्स्ट आणि त्याच्या खानावळीचं नवं नाव, सोनेरी अक्षरांत, लांबूनही वाचता येईल असं. दुसरीवर, त्याहून मोठ्या अक्षरांत, 'आमच्या नोरास'.

मी ते दोनदा वाचलं. पाद्री बोलत होते. मी पुढं झाले, गुडघ्यावर बसले आणि ती दुसरी फीत चक्राला लावलेल्या टाचण्या एकेक करून काढायला लागले. टाचण्या पुष्कळ होत्या आणि हात गारठलेले होते, त्यामुळे वेळ लागला.  पाद्री बोलता बोलता थांबले. हॉर्स्ट एक पाऊल पुढं आला, तेव्हा फ्राऊ रोट त्याच्या वाटेत नुसती उभी राहिली.

फीत निघाल्यावर मी तिची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. त्याचं नाव तसंच राहू दिलं. पाद्रींनी वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं, आणि मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.